निळ्या ड्रममधला समुद्र

समुद्र मी बनवते.
दर सोमवारी, शेडच्या मागं,
शंभर लिटर बोअरचं पाणी
आणि साडेतीन किलो मीठ, काट्यावर मोजून.
बांबूनं ढवळते. बोट बुडवून चाखते.
पण खऱ्याची चव कुणाला ठाऊक?
अड्याळात समुद्र बघितलेला माणूस एकच,
श्रावण हटवार, पलटणीत असताना,
तोही रेल्वेच्या खिडकीतून, रात्री.
"कारंच कारं होतं, पोरी."

मग तार सोडते. दोन मिलिमीटर, पिवळीधमक,
आठ साच्यांच्या डोळ्यांतून ओढत आणलेली.
पुण्याचे साहेब पहिल्यांदा आले,
म्हणाले, गंज दाखवा.
मी चहाचा गंज घेऊन गेले.
आमच्याकडं गंज म्हणजे भांडं,
बाबा त्याला कल्हई करायचे
नवसागराच्या धुरात खोकत,
ताक कळकू नये म्हणून.
तेच कथील आता तारेच्या आत असतं.
सत्तर भाग तांबं, एकोणतीस जस्त,
आणि ते एक.

मागच्या उन्हाळ्यात धोमणे शेठनं
ते एक वाचवलं.
चाळीस दिवसांनी ड्रममधून काढली,
जाडी तीच, गेजमध्ये बरोब्बर बसली,
जराशी लालसर, बस.
वाकवली तर तुरीच्या काडीसारखी
कट्.
जस्त निघून गेलं होतं
आपली जागा तशीच ठेवून.
शेठ म्हणाला, "मापात आहे ना? मग?"
बावीस वेटोळी ट्रकवर चढली होती,
कुठल्याशा बंदरातल्या
मासे पाळायच्या पिंजऱ्यांसाठी.
मी रजिस्टरात लिहिलं : मोडली.
पेन एवढं दाबलं
की पुढच्या पानावरही मोडली.
ट्रक उमरेडवरून माघारी आला.
माझा पगार दोन महिने अडला.

या आठवड्यात पार्सल आलं.
चांगल्या मालातला वीतभर तुकडा,
तीन वर्षं खऱ्या पाण्यात राहून आलेला.
वर हिरवट साय, पांढरी पूड,
वाकवला, वाकला. सोडला,
तसाच राहिला वाकून.
कुणी नव्हतं बघून
जिभेला लावला.
खारट.
आणि मागून थोडं कडू,
जे माझ्या समुद्रात नाही.

सोमवारी अजून काय घालू ड्रममध्ये?
श्रावणकाकाला विचारलं.
बराच वेळ बिडी फिरवत बसला बोटांत.
मग म्हणाला, "रात होती ना, बाई."