पाव फेरी

हेराल्डचं बॉनेट उघडतं पुढच्या बाजूला,
मगरीच्या जबड्यासारखं, सगळंच्या सगळं,
आणि आपण पुढच्या चाकावर बसून काम करायचं,
चहाचा कप बॅटरीवर.

दोन कार्ब्युरेटर. मूळचा एकच होता.
कॅम्पातल्या गझदरांनी बहात्तर साली
शर्यतीच्या हौसेपोटी हे जुळं बसवलं,
आणि गाडी मला विकताना म्हणाले,
"डिकरा, दोन सासवा आहेत घरात.
दोघींना एकाच वेळी वाढायचं."

यंदा पेट्रोलमध्येच काहीतरी मिसळतायत.
जेटच्या बुडाचं बुचाचं सील फुगलं
भिजलेल्या चुरमुऱ्यासारखं.
नाना पेठेत तीन दुकानं झाली.
एका पोरानं मोबाइलमधून मान वर न करता विचारलं,
"काका, स्कूटरचा ना?"
शेवटी जुन्या बाजारात, रविवारी,
किल्ल्या हरवलेल्या कुलपांच्या ढिगाशेजारी
मिळालं. चाळीस रुपये. घासाघीस केली नाही.

पिस्टन धुतले. सुया उजेडात धरून पाहिल्या.
डॅशपॉटमध्ये शिलाई मशीनचं तेल,
आणि दोघांमधला दांडा सैल केला,
म्हणजे ज्याचं त्याला कळावं.
जेटचा नट पूर्ण वर, मग दोन फेऱ्या खाली.
किल्ली.

धूर. खोकला.
पार्किंगच्या पत्र्यावरून मांजर उडालं.

आता ऐकायचं असतं.
रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, एक कानाशी,
आणि दोघांचा सुस्कारा सारखा करायचा.
पण माझे कान मुंढव्याच्या हॅमरशॉपनं
एकतीस वर्षांत खाल्ले.
बारीक आवाज आधी गेले:
कुकरची पहिली वाफ, चिमण्या, ‘स’ हे अक्षर.
नातू सुहृद. मला तो उहृद ऐकू येतो.

म्हणून हेमलताला हाक मारली.
ट्रंक एक्स्चेंजमध्ये चोवीस वर्षं हेडफोन लावून बसलेली बाई.
खरखर सोलापूरच्या लाइनवर आहे की कोल्हापूरच्या,
झोपेतही सांगायची.
गाडीला ती ‘तुमची ती’ म्हणते.
आली. चष्मा डोक्यावर सरकवला, नळी लावली.

"पुढचा बोलतोय. मागचा नुसता हं हं करतोय."
मागचा स्क्रू केसभर उघडला.
"आता मागचा चढलाय."
केसभर मिटवला.
"थांबा."
नळी तिनं दोघांच्या मधून हळूहळू फिरवली,
अडकलेल्या कॉलच्या मागे जावं तशी.
"लाइनवर तिसरं कुणीतरी आहे."

तिसरं म्हणजे गॅस्केट.
मॅनिफोल्डच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे माझा आरसा पोचत नाही,
तिथून हवा गुपचूप आत येत होती,
आणि मी तीन रविवार
या दोघांनाच बोल लावत होतो.

नवं गॅस्केट कापेपर्यंत दुपार गेली.
नट आवळले, आधी मधला, मग आलटून पालटून.
प्लग काळेकुट्ट होते, ते पुसले. पुन्हा किल्ली.
पिस्टन पिनेनं नखभर उचलला:
इंजिन क्षणभर चढलं,
आणि खाली येऊन मांडी घालून बसलं.

नळी तिनं माझ्या कानाशी धरली. "ऐका."
काहीही नव्हतं. मी मान हलवली.
"खोटं," म्हणाली,
आणि माझे तळवे धरून
दोन्ही डॅशपॉटच्या टोप्यांवर ठेवले, एकेक.

हॅमरशॉपमध्ये आम्ही पायांनी ऐकायचो.
घण कुठे तिरका पडतोय
ते बुटाच्या तळव्यातून वर यायचं.
उजव्या हाताखाली आता नुसती थरथर, गुळगुळीत.
डाव्याखाली मात्र मधूनच एक खडा,
भातात लागतो तसा.

"मागचा. अजून पाव फेरी."
तिनं पुन्हा नळी लावली. बराच वेळ.
वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, बंद करा आता.
"पाव नाही," म्हणाली, "अर्धपाव,"
आणि पाना तिनंच उचलला.