पंच्याण्णव

मंठा चौफुलीच्या पुढं खय्यूम मिस्त्रीचं शेड.
त्रेचाळीस अंश. पत्रा कडकडतोय.
सळईवाल्यांच्या पोराची लाल गाडी आली.
"चढावर आवाज करायलीय, चाचा."

मिस्त्रीनं बॉनेट उघडलंच नाही.
शेजारी बसला, म्हणाला, दाब.
तिसऱ्या गिअरात
तापल्या कढईत ज्वारीच्या लाह्या.

"टाकीत काय?"
"साधंच."
झाकणाआडचा कागद त्यानं अंगठ्यानं पुसला:
किमान पंच्याण्णव.

"महागाचं जास्त भडकतं वाटतं ना तुला?
उलटं आहे, बाबा.
ते दाब सोसतं,
आपली पाळी येईस्तोवर थांबतं.
साधं उतावळं.
कोपऱ्यात आपोआप पेटतं
अन् मार खातो पिस्टन."

"मग तुमच्या लुनात पण तेच?"
मिस्त्री हसला. "तिच्यात दाबच कुठंय?
साध्यावर एकोणीस वर्षं चालायलीय."

मी पान्हे पुसत होतो.
रात्री गुपचूप, स्वतःच्या पैशानं,
लुनात लिटरभर महागडं ओतलं,
वर ऑइलचं टोपण.

काही झालं नाही.
अंबडपर्यंत तशीच फटफटत गेली,
उताराला जरा खूश वाटली,
पण तो उतारच होता.