पोदेर आला नाही त्या दिवसापासून

ताप कधीपासून? मी विचारते.
कायतानबाब म्हणतात,
पोदेर आला नाही त्या दिवसापासून.

आणि तो दिवस कुठला?
खिडकीच्या गजाला कपाळ टेकून ते आठवतात.
सायकलचा भोंपू वाजला नाही,
शिळा पाव भाजून खाल्ला,
एर्मेलिंदाने चहा सांडला.

माझ्या तक्त्यात एक रकाना आहे: सुरुवात.
त्यात भोंपू लिहिता येत नाही.
मी बोटं मोडते. सोमवार, सकाळचे साडेसहा.
आज मंगळवार, सात वाजून गेले.
छत्तीस तास, थोडे वर.
अठ्ठेचाळीसच्या आत आहात, मी सांगते,
आणि ते परीक्षा पास झाल्यासारखे हसतात.

हळदोण्याचं हे घर, बावीस खाटा.
परवा दोघं तापले, काल पाच.
दुपारी म्हापशाहून गाडी येऊन
नाकातले नमुने घेऊन गेली,
दिवेलागणीला फोन आला.
इन्फ्लुएन्झा आहे, डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना आजच सुरू कर.
आजाऱ्यांना दोन वेळा, पाच दिवस.
बाकीच्यांना रोज एक, चौदा दिवस.
आणि मात्रा ठरवताना मूत्रपिंडांना विचार,
जशी काही ती घरातली थोरली माणसं,
ज्यांच्याशिवाय लग्न ठरत नाही.

ओसेल्टामिवीर.
कायतानबाबांच्या तोंडी ती ओझेल्ता होते,
साळगावची कुणी लांबची मावशी असावी तशी.

शेवंतीआक्का हात मागे घेतात.
मला काय झालंय? मी का गिळू?
त्यांचा नवरा खाजनाच्या मानशीवर होता.
मी विचारते, फळी कधी टाकायचे ते?
त्या माझ्याकडे अशा बघतात
की शहरात शिकून मी वाया गेले.
भरतीच्या आधी, बाये. खारं पाणी शेतात शिरल्यावर
फळी टाकून काय, खेकडे धरायचे?
मग स्वतःशीच थांबतात.
दे.

एर्मेलिंदाच्या खाटेशी रकाना अडतो.
डोळे मिटून ती म्हणते, शुक्रवार.
सांगितलं असतं तर बांबोळीला नेलं असतं,
आणि बांबोळीहून रोझाचा नुसता चष्मा परत आला.

शुक्रवार.
म्हणजे चहा सांडला तेव्हा
हात तापाने कापत होता,
आणि मी टेबल पुसलं.

शहाण्णव, मी फोनवर सांगते.
पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.
तरीही दे. उशिरा कमी लागतं, पण दे.
ऑक्सिजन बघत राहा,
नव्वदच्या खाली गेला तर गाडी बोलाव,
ती काहीही म्हणो.

पहिली कॅप्सूल ओकारीत गेली.
दुसरी मी उघडली, पांढरी पूड
माडाच्या गुळाच्या पाकात कालवली,
चमच्याने भरवली.
गोड लागल्यावर तिने एक डोळा उघडला
आणि पोर्तुगीजमध्ये काही म्हणाली.
सिस्टर अपोलोनियांनी अर्थ सांगितला नाही, नुसत्या लाजल्या.

रात्री एक.
पत्र्यावर ऑगस्ट वाजतोय, दोरीवरचे मास्क वाळत नाहीत.
पट्ट्या मोजते, पुन्हा मोजते.
सोळा जणांची सोय आहे, सहांचं उद्या बघू.
पेडण्याला घरी कळवलंय, चवथीला धरू नका.

आणि आवंढा गिळताना टोचतं.

कधीपासून?
मी घड्याळाकडे बघते, ते काही सांगत नाही.
आई फोनवर होती,
माटोळीला कांगलां मिळाली नाहीत म्हणून चिडलेली,
हो म्हणताना माझा आवाज फाटला होता.
तेव्हापासून.

मास्क घट्ट बांधते, तक्त्याच्या तळाशी एक ओळ आखते.
नाव लिहिते.
सुरुवातीच्या रकान्यात
आधी लिहिते: कांगलां.
मग खोडून: चार तास.

एर्मेलिंदाच्या बोटावर आकडा थरथरतो.
एक्याण्णव. ब्याण्णव. एक्याण्णव.
बाहेर झुंजूमुंजू.
भोंपू अजून नाही.