पेन्सिलीचं मत

दुपारी साडेबाराला चारूचा फोन येतो.
तिकडं सकाळचे आठ, रात्रपाळी नुकती संपलेली.
इकडं अमळनेरात गच्चीवर जुनं लुगडं अंथरून
हिनं बिबडे घातलेत
आणि मी सावलीच्या तुकड्यात काठी घेऊन
कावळ्यांवर नेमलेला.

“बाबा, परवा इथं मतदान झालं, नगरपालिकांचं.
त्यांचा पार धुव्वा उडाला.”
त्यांचा म्हणजे, ज्यांना तिनंच
दोन वर्षांपूर्वी निवडून दिलं होतं,
तिनं आणि वॉल्सॉलच्या निम्म्या दवाखान्यानं.

तेव्हा फोटो पाठवला होता.
चर्चच्या हॉलबाहेर उभी, अंगात जाड कोट, हसरी.
मी फोटो मोठा करून बोट पाहिलं.
शाई नव्हती.
“शाई नसते बाबा. दोरीला बांधलेली पेन्सिल असते.”
पेन्सिल!
बत्तीस वर्षं मास्तरकी, अकरा निवडणुका,
मी दुसरा मतदान अधिकारी, शाईवाला.
किती बोटं धरली असतील या हातानं,
भेगाळलेली, मेंदीची, एक तर अर्धंच उरलेलं.
पेन्सिल आम्ही पहिलीच्या पोरांना द्यायचो,
कारण चुकणार हे धरलेलंच असायचं.

“आता काय म्हणतात लोक?”
“काहीच नाही. तेच तर.
वॉर्डातल्या टीव्हीवर पंतप्रधान आला
की डोरीनबाई रिमोट मागते, आवाज घालवते
आणि नुसते ओठ हलताना बघत राहते.
ब्याऐंशी वर्षांची. दोन रात्री व्हरांड्यात होती, ट्रॉलीवर.
म्हणते, शिव्या द्यायला तरी
माणूस थोडा आवडावा लागतो.”

“खोटं बोलला का तो?”
“खोटं बोलला असता तर पकडता आला असता.
तो म्हणतो, जरा थांबा, पुढं बरं होईल.
आमच्या कायमच्या मुक्कामाची मुदतसुद्धा
पुढंच ढकलणार म्हणे.
हीटर लावायचा की नाही
यावर आमच्या घरात रोज मतदान होतं बाबा,
आणि रोज मीटर जिंकतं.”

फोन स्पीकरवर. शेजारच्या गच्चीवर झिपरू आबा,
कान इकडेच.
“तठे बी आसंच शे का?”
आधी हसू फुटलं त्याला,
मग ते कुठं ठेवावं कळेना.
नाल्यावरचा नवा पूल दोन वर्षांत खचला
तेव्हा हाच आबा पालिकेत जाऊन ओरडला होता,
साहेबाच्या काळात असं झालं नसतं!
साहेब त्यानं पाहिलेला नाही.
त्याच्या बापानं पाहिला, तोही घोड्यावर, लांबून.
पण एक मोजपट्टी होती घरात,
दुसऱ्याची, पाठीवर तिचे वळ असलेली,
तरी आपल्यांना मोजायला कामाची.
आज ती वाकडी निघाली.
“च्या ठेवस,” म्हणाला आबा आणि जिना उतरला,
चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात.

“पुढच्या वेळी जाऊ की नको, बाबा?”
मास्तर असून उत्तर चटकन सापडलं नाही.
चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याखाली,
एका पाड्यावर गुमलीबाई पावरा होती.
दर वेळी रांगेत पहिली.
बोट पुढं करायची आणि बजावायची,
“मागचा डाग गेला मास्तर,
त्याच्यासंगं तोही गेला. लाव दुसरा.”
राग नाही, आशाही नाही,
भांडं पुन्हा कल्हईला टाकावं, तशी.

हे चारूला सांगितलं नाही.
विचारलं, जेवलीस का.
“झोपते,” म्हणाली.
तेवढ्यात एक कावळा बिबडा घेऊन गेला
आणि माझी खालून हजेरी घेण्यात आली.

सोमवारी पार्सल बांधलं.
बिबडे, नागलीचे पापड, काळा मसाला,
आणि मधल्या थरात, हिच्या नकळत,
निळ्या शाईचं एक बॉलपेन.
कुरिअरवाल्या पोरानं काटा पाहिला.
“दहा-बारा ग्रॅम वर जातंय काका. काय काढू?”
“पापड काढ,” म्हटलं.
“दोन काढ. घरी बोलू नको.”