वर्णनाप्रमाणे नाही

मी लिहिलं होतं, काच तडकलेली आहे.
डावीकडची, हिरवी.
लिहिलं होतं, लाल फिरवताना अडकते,
अंगठ्याने जरा नेट लावावा लागतो.
उंची सव्वा फूट, पितळ अस्सल, तळाला ठोकलेला आकडा ४१७.
सात फोटो. आठवा नानांनी काढायला लावला,
बुडाचा पोचा दिसावा म्हणून.
'लपवायचं नाही काही, कुंदा,
माल सोता बोलला पाहिजे.'
चौतीस वर्षं भुसावळच्या यार्डात
असलेच कंदील हलवलेत सासऱ्यांनी.

इस्माईलशेठच्या भंगारातून नऊशेला उचललेला,
चिंच आणि राखेने तीन दुपारी घासलेला,
शेवटच्या अकरा सेकंदांत एकवीसशे पन्नासला गेला.
सुरतेला. जे. के. कुणीतरी.
केळीच्या वाळल्या सोपटात गुंडाळला,
वर गोधडीचा तुकडा, वर खोका, टेप, टेपवर टेप.
पोस्टातल्या भारंबे मॅडम म्हणाल्या,
'काय हो, लेक पाठवून राहिल्या का सासरी?'

सहाव्या दिवशी तक्रार.
कारण, यादीतून निवडलेलं: वस्तू वर्णनाप्रमाणे नाही.
खुलासा: लाल काच अडकते.

अहो, वर्णनातच तर अडकते ती!

तेच वाक्य उचलून उत्तरात चिकटवलं,
खाली रेघ ओढली.
तिकडून आलं, तुमच्या भावना आम्ही समजतो.
ज्याला नाव नाही असा कुणी
रात्री दोन वाजून सात मिनिटांनी
माझ्या भावना समजून राहिला होता.
पैसे परत. वस्तूही परत येईल.
जाण्यायेण्याचा खर्च माझा.

खोका आला. माझाच खोका, माझाच टेप.
वजन बरोबर.
आत गुजराती पेपरात
अर्धी वीट.

फोटो पाठवले. म्हणाले, प्रकरण बंद झालं आहे.
आणि माझ्या नावापुढे,
जिथे दोनशे बारा माणसं 'छान' म्हणून गेली होती,
एक तारा. एक शब्द. लबाड.
मलाही त्याच्याबद्दल लिहायची सोय होती,
पर्याय दोन:
उत्तम, अत्युत्तम.

नाना ओट्यावर वीट उलटीसुलटी करून बघत बसले.
त्यांचे वडील वरणगावच्या बाजारात बैलांचे दलाल,
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे.
एकदा विकलेला बैल
जू मानेवर येताच खाली बसायला लागला.
यावलचा गिऱ्हाईक बैल घेऊन तापी ओलांडून आला,
दारात उभा राहून सात पिढ्यांचा उद्धार केला,
मग पाणी प्याला,
मग कळण्याची भाकर खाल्ली, ठेच्याला नावं ठेवली,
पैसे दोनदा मोजून घेतले
आणि निघताना बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.
'पण बैलाच्या जागी बैलच आला ना परत,' नाना म्हणाले.

मला तो यावलचा माणूस पाहिजे.
इथे, ओट्यासमोर, धुळीच्या पायांनी.
म्हण मला तोंडावर लबाड, भो,
मी तुझ्या डोळ्यांदेखत लाल फिरवून दाखवते.

रात्री झोप येईना.
उठले, वीट पुसली, पट्टीने मोजली,
चारी अंगांनी फोटो काढले, पाचवा बुडाचा.
लिहिलं:
वीट, अर्धी. भाजणी चांगली.
एका कोपऱ्याचा टवका उडालेला.
सुरतेहून आलेली. कंदील नाही.
उजेड पडत नाही.
बोली एक रुपयापासून.

सकाळी कणीक मळताना फोन वाजला.
कुणीतरी अकरा रुपये लावलेत
आणि विचारलंय,
दुसरी अर्धी पण आहे का?