चांदीचं मीठ

कोपरीच्या लालवानींनी किल्ली देऊन दाखवली तेव्हा
कॅमेरा हातात गुरगुरला,
मांडीवरच्या मांजरासारखा.
"घड्याळच आहे हे," ते म्हणाले,
"फक्त वेळ दाखवत नाही, खातं."
मी घासाघीस केली नाही.
घरी मात्र खोटी किंमत सांगितली.

फोनमध्ये माझ्या अकरा हजार फोटो आहेत.
त्यातला एकही काढताना
मी श्वास रोखलेला नाही.
इथे एका बाजूला दोन मिनिटं,
मग सावली शोधायची, ओढणीखाली रीळ उलटायचं,
पुन्हा दोन मिनिटं. संपलं.
एकेक चौकट खड्या मिठाच्या खड्याएवढी,
आणि काय चुकलं ते कळणार महिन्याने.
बहुतेक त्या महिन्यासाठीच मी यात पडले.
एवढे दिवस काही माहीत नसणं
आता कुठे मिळतं?

पहिली दोन मिनिटं उगाच उधळली,
तिन्हीसांजेला, गच्चीवरून:
पाम बीच रोड, गाड्यांचे दिवे,
दिव्यांमागे दिवे.

हासुराम तांडेल करावे गावचे, वय एक्याऐंशी.
नातू आमच्या सोसायटीत गाड्या धुतो,
ते त्याचा डबा घेऊन येतात आणि जात नाहीत.
खालच्या पार्किंगमध्ये, कुलकर्ण्यांची पांढरी गाडी असते तिथे,
त्यांच्या आज्याचे वाफे होते.
खांब मोजून सांगतात. तेरा ते सतरा.

"यात काय असतं गो?"
"चांदीचं मीठ. ऊन लागलं की बदलतं."
डबी त्यांनी कानाशी हलवून पाहिली,
झाकणाचा वास घेतला.
"मंग आमचाच धंदा हाय यो."

आणि न सांगता उभे राहिले.
पाय फाकलेले, मुठी एकीपुढे एक,
हातात काहीच नाही.
ओढलं, आणलं, रचलं. पुन्हा ओढलं.
फरशीवर ऑइलचा डाग होता,
तो बरोबर टाळत होते.
रॅम्पवरून येणारी उन्हाची एक पट्टी
त्यांच्या दंडावर चढायची, उतरायची.
किल्ली संपत आली, घरघर बारीक झाली,
मी पुन्हा किल्ली दिली. ते थांबले नव्हते.

न्हाणीघराच्या फटीला टॉवेल,
दोन बादल्या, थर्मामीटर, मनात आकडे.
बाहेर ओजस: "आई, मला खरंच लागलीये."
"चारशे बारा, चारशे तेरा, शेजारी जा."
मग दोरीवर, त्याच्या गणवेशाच्या दोन शर्टांमध्ये,
पंचवीस फूट ओली पट्टी.
मधून चिरली तेव्हा समजलं.
एकदा भरलेली बाजूच मी पुन्हा लावली होती.
दुसरी काळी ठार.

नवरा म्हणाला, गेले पैसे.

चादर बांधली, पंखा बंद केला.
हासुराम पुढच्या खुर्चीत, टोपी गुडघ्यावर.
अंधारातून पाम बीच रोड आला
आणि त्यावर ते स्वतः, इमारतींहून उंच,
हातात काही नसताना
दिवे ओढत होते.
वाशीकडचे ओढले, बेलापूरकडचे ओढले,
पायाशी पांढरा ढीग लागत गेला,
डावीकडून नवे दिवे येतच राहिले.
कोणी बोललं नाही. प्रोजेक्टर तेवढा
दात कोरल्यासारखा वाजत होता.

पट्टी सुटून फटफटायला लागली, दिवा लावला.
नातवाने विचारलं, आजा, कसा वाटला?
ते अजून चादरीकडेच बघत होते,
ढीग होता त्या कोपऱ्याकडे.
"वला हाय अजून," म्हणाले.
"दोन दिस ऱ्हाऊ दे. आत्ताच कोनी उचलू नका."

काळी पट्टी मी टाकली नाही.
मिठाच्या बरणीशेजारी ठेवली आहे, गुंडाळून.
ओजस अधूनमधून ती खिडकीशी धरतो,
एक डोळा मिटून,
आणि मला बोलावत नाही.