रुवीतलं बोरन्हाण

डिसेंबर लागला की इमारत गप्प होते.
आठ महिने घुरघुरणारी तिची छाती
एकदम हलकी.
मी एसीचा मेकॅनिक; माझी सुगी संपते,
मग घरोघर स्टूल मागत हिंडतो, फिल्टर धुतो.
कोण काय शिजवतं
ते जाळीवरच्या चिकट धुळीवरून कळतं मला.

एस्पेरान्सबाईंकडे नारळाचा रस आणि जायफळ.
कुलकुलांसाठी राखलेला कोरा कंगवा,
त्यावर अंगठ्यानं कणीक गुंडाळत म्हणाल्या,
"हात धू आणि बस. एसी कुठं पळून जातोय?"
गच्चीवरच्या खोलीत मारिवेल आणि तिघी जणी,
नऊ दिवस काळोखात उठून चर्चला,
तिथून थेट ड्युटीवर.
नवव्या दिवशी केळीच्या पानावर तांदळाचा केक,
वरून खोबरं. खाल्ला, आणि वाटलं
ही आपल्या सांदणाची
समुद्रापार दिलेली बहीण.

आमच्या घरात तेव्हा एकच डबा रिकामा होत होता,
ऊर्जितच्या दुधाच्या पावडरचा, पिवळा.
त्यातून कुलकुलं आली.
रिकामा डबा परत करू नये म्हणून
प्रणोतीनं शंकरपाळे भरले.
मारिवेलकडून तो मुकादमभाभींकडे गेला,
तिथून कुठं, ते विचारायचं नसतं.

जानेवारीत आईचा व्हिडिओ कॉल:
"पहिली संक्रांत आहे त्याची. हलव्याचे दागिने पोचले?"
पोचले. मुकुटाचा बॅगेतच चुरा झालेला.
"आणि बोरं?"
हायपरमार्केटात चिलीची चेरी होती,
न्यूझीलंडचं किवी होतं.
"बोरांशिवाय कसलं रे बोरन्हाण?
नुसतं न्हाण म्हण मग."

तिसऱ्या मजल्यावरच्या जुवैना आजी
लोकरी शाल पांघरून एसी लावणाऱ्या.
त्यांना फळ समजावलं
चिमटीचा गोल करून. कळेना.
मग बोटाला काटा टोचल्याचं सोंग केलं,
ओय म्हणालो.
"नबक!" त्या हसल्या, मोडक्या हिंदीत म्हणाल्या,
रुस्ताकला आमच्या अंगणात आहे.
त्याच्या पाल्यानं आम्ही केस धुतो.
माणूस गेलं की
शेवटची आंघोळही त्याच पाल्याची.
मी स्टुलावर उभा. हातातला स्क्रू
बराच वेळ बसेना.

शुक्रवारी नातू डबा घेऊन आला,
तोच पिवळा, आता पोचे पडलेला,
आत वाटाण्याएवढी बोरं, तांबूस, सुरकुतलेली.
मागोमाग आजी, काळ्या अबायात.
काळ्या झबल्यातला ऊर्जित त्यांना बघून
रडायचा थांबला.
प्रणोती कानात म्हणाली, "बघ,
सणाला काळं नेसून आलेल्या
त्या एकट्याच पाहुण्या."

चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे, चॉकलेटं.
सगळ्या मजल्यांची पोरं गोल करून, गुडघ्यांवर, टपलेली.
मी हळूच मूठ सोडली, लागेल बिगेल म्हणून.
तेवढ्यात आजी पुढं झाल्या.
"असं नाही! हौल हौल आहे ना हे?
वर्षाचं मूल झालं की
आम्ही डोक्यावर ओततो, खाऊ, नाणी, सगळं."
आणि माझ्या हातून परात घेऊन
टाचा उंचावून
छताजवळून ओतली.

केवढा आवाज झाला!
फोनमध्ये आई ओरडत होती,
"अरे कोण त्या? अगदी बरोबर ओतलं!"
पोरं एकमेकांवर पडली.
मुकादमभाभी उसासाठी मारिवेलशी भांडल्या.
एस्पेरान्सबाईंनी बोर चाखून तोंड वाकडं केलं,
मग आणखी चार उचलली.

तिळगूळ भरून डबा खाली गेला.
परत आला नाही अजून.

एप्रिलच्या पहिल्या उकाड्यात
घरचा एसी लावला
(मेकॅनिकच्या घरचा एसी
सगळ्यात शेवटी साफ होतो),
तर आतून एक चुरमुरा उडाला
आणि थेट प्रणोतीच्या चहात.
तिनं वर जाळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं,
आणि चमच्यानं काढून
खाल्ला.